आराखड्यावरून घरचं फर्निचर: ठाणे-नवी मुंबईतल्या फळीची आणि प्लायची पार्श्वभूमी

घोडबंदर रोडला किंवा खारघरला फ्लॅटमध्ये राहणारं कुणी स्वतःच्या हाताने पुस्तकांचं कपाट करायचं मनावर घेतं आणि आराखडे शोधायला लागतं, तेव्हा दोन जातींचे आराखडे समोर येतात. काही फळ्यांसाठी काढलेले असतात, ते बहुधा अमेरिकेतले. काही आठ बाय चारच्या प्लायसाठी. पहिल्या जातीचा आराखडा घेऊन ठाण्यातल्या वखारीत गेलं की गाडी अडते. त्या मापाचं, रंधून तयार असलेलं स्वस्त लाकूड तिथे नसतं, आणि जे असतं ते सागाच्या भावात. ही परिस्थिती मुख्यतः 1990च्या दशकात तयार झाली. म्हणून या टिपणात त्या दशकाला जास्त जागा आहे.

त्याआधीचं थोडक्यात. जुना ठाणे जिल्हा सागाचा. मुरबाड, शहापूर, जव्हार, मोखाडा या भागातला साग खाडीवाटे मुंबईकडे जायचा. 1878च्या वन कायद्यानंतर ही जंगलं राखीव होत गेली आणि गावकऱ्यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की 1880च्या दशकात ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी चौकशी आयोग बसवावा लागला. पुढे 1964च्या राज्य कायद्याने खासगी जमिनीवरच्या झाडतोडीलाही परवानगी लागू केली आणि साग त्या यादीत आला. त्यामुळे शहापूरला मामाच्या बांधावर चांगला जून साग उभा असला, तरी तो तोडायला परवानगी आणि डोंबिवलीपर्यंत आणायला वाहतुकीचा पास लागतो. हौशी माणसासाठी हा रस्ता तेव्हापासूनच बंद झाल्यासारखा आहे.

वाशीचा खाडीपूल 1973 मध्ये सुरू झाला, रेल्वे आली 1992 मध्ये. या मधल्या काळात सिडको महामंडळाच्या एका-दोन खोल्यांच्या घरांत राहायला आलेल्या कुटुंबांचं फर्निचर सुतार घरी येऊन करायचे. गॅलरीत घोडी मांडायची, रंध्याचा भुसा दोन आठवडे घरभर. आराखडा असा नसायचाच. सुतार भिंतीवर किंवा प्लायच्याच तुकड्यावर पेन्सिलीने रेघा मारायचा आणि घरधन्याला विचारायचा, "वरचा कप्पा किती ठेवू?" सांधे जोडायला पूर्वी सरस उकळावा लागे. 1959 पासून देशी पांढरा गोंद मिळू लागला आणि तो कटकटीचा भाग संपला. हौशी कामाच्या दृष्टीने हा बदल फार मोठा आहे, कारण सरस गरम असतानाच हात चालवावा लागतो आणि ते नवख्याला जमत नाही. ज्यांना तयार फर्निचर हवं असे, ते उल्हासनगरच्या बाजारात जात. स्वतः करणारे फार थोडे होते, आणि तेही आयटीआयमध्ये शिकलेले किंवा कारखान्यात पॅटर्न शॉपला, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करणाऱ्या विभागात, काम करणारे.

आता 12 डिसेंबर 1996. सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी जो अंतरिम आदेश दिला, त्याची सुरुवात निलगिरीच्या डोंगरातल्या एका जमीनदाराच्या तक्रारीतून झाली होती. आपल्या पूर्वापार जंगलात राजरोस तोड चालली आहे, एवढंच त्याचं म्हणणं. आदेश मात्र सगळ्या देशाला लागू झाला. सरकारदप्तरी नोंद असो वा नसो, मालकी कुणाचीही असो, कोशातल्या साध्या अर्थाने जे जंगल ठरेल ते 1980च्या वनसंवर्धन कायद्याखाली येईल, असं त्यात म्हटलं. केंद्राच्या मंजुरीशिवाय जंगलात चाललेली सगळी बिगरवनकामं थांबवायची, आणि त्यात आरागिरण्या, व्हिनीअरचे (लाकडाच्या पातळ थरांचे) आणि प्लायवूडचे कारखाने नावानिशी आले. तोड फक्त मंजूर कार्ययोजनेनुसार. ईशान्येच्या सात राज्यांतून तोडलेलं लाकूड रेल्वेने, रस्त्याने किंवा पाण्यातून बाहेर नेण्यावर बंदी.

हा शेवटचा मुद्दा आपल्या घरातल्या कपाटापर्यंत येऊन पोचतो. तोवर देशातल्या प्लायवूडचा मोठा हिस्सा आसाम, अरुणाचल, नागालँडकडच्या कारखान्यांतून यायचा, जंगलातल्या जाड हार्डवूडचा. आदेशानंतर तिथले शेकडो कारखाने बंद पडले. त्या भागातल्या कामगारांची आणि डोंगराळ गावांची रोजीरोटी एका तारखेला तुटली, हे खरं आहे आणि त्याची पुरेशी दखल घेतली गेली नाही. न्यायालयाने धोरण आखावं का, हाही आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. छोट्या गिरणीवाल्यांचं म्हणणं आणखी वेगळं: शेतातलं आंबा-बाभूळ कापणाऱ्या गिरणीलाही जंगल कापणाऱ्या कारखान्याच्याच रांगेत उभं केलं. 2002 मध्ये तर नवी आरागिरणी काढायला केंद्रीय पातळीवरच्या समितीची आगाऊ परवानगी लागू झाली. तो अधिकार राज्यस्तरीय समित्यांकडे आला तो 2016च्या मार्गदर्शक तत्त्वांनंतर. मधल्या चौदा वर्षांत कल्याण-भिवंडीच्या पट्ट्यात हौशी माणसाची दोन घनफूट फळी चिरून देईल अशी नवी गिरणी उभी राहणं अवघडच होतं.

तरीही मला तो आदेश आवश्यक होता असंच वाटतं. 1988च्या राष्ट्रीय वन धोरणात उद्योगांनी आपलं लाकूड शेतकऱ्यांकडून वाढवून घ्यावं असं लिहिलेलं होतं. आठ वर्षं ते कागदावर राहिलं, कारण जंगलातलं लाकूड स्वस्त मिळत होतं. 1996 नंतर ते मिळेना, तेव्हा कुठे पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशातल्या शेतकऱ्यांच्या बांधावरच्या पॉपलरला खरा भाव आला. ते झाड तिथे आगपेटीच्या काड्यांसाठी आधीपासून लावलं जात होतं. यमुनानगर प्लायवूडचं शहर झालं, केरळात पेरुंबावूरला रबराच्या झाडावर कारखाने चालू लागले, कांडला-गांधीधामला आयात ओंडके उतरू लागले. जंगलावरचा भार शेतावर गेला. आज ठाण्यातल्या दुकानात आपण जी शीट घेतो, तिच्या पोटात बहुधा कुणा शेतकऱ्याने सहा-सात वर्षं वाढवलेलं झाड असतं, आणि ही गोष्ट मला मोलाची वाटते.

याच्याच जोडीला दुसरा एक निर्णय सांगायला हवा, कारण लोक दोन्हींची गल्लत करतात. 1993 मध्ये केंद्राच्या बांधकाम खात्याने सरकारी इमारतींत लाकूड वापरणं बंद केलं. दारं-खिडक्या लोखंडाच्या, अॅल्युमिनियमच्या आल्या. ही बंदी 2020 मध्ये उठली. हा निर्णय मात्र चुकीचा होता. लाकूड वापरायचंच नाही म्हटल्यावर ते लावणार कोण? शेतातल्या लाकडाला गिऱ्हाईक तोडून जंगल वाचत नाही.

दुकानातली बोली या सगळ्यातून घडली. "पॉपलर", "अल्टरनेट" म्हणजे पॉपलर आणि निलगिरीचे थर आलटून पालटून, "हार्डवूड", आणि वर "गर्जन फेस" असेल तर भाव चढा. गर्जनचा पातळ थर बराचसा म्यानमारमधल्या ओंडक्यांचा असे. त्या देशाने 1 एप्रिल 2014 पासून ओंडक्यांची निर्यात थांबवली, त्यानंतर आफ्रिकेतल्या ओकूमेचा थर दिसू लागला. दर्जाच्या शिक्क्यात आयएस 303 म्हणजे घरातलं नेहमीचं प्लाय आणि आयएस 710 म्हणजे मरीन, ज्याच्या गोंदाला 72 तास उकळत्या पाण्यात टिकावं लागतं. पुस्तकांच्या कपाटाला 303 पुरतं. सिंकखालच्या कपाटाला 710 घ्यावं. दुकानदार सगळीकडे 710च सुचवतो, तेवढं ऐकायचं कारण नाही.

आराखड्यांची परंपरा मात्र वेगळ्या मातीतली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून अमेरिकन मासिकं घरी करायच्या टेबल-खुर्च्यांची मापं छापत आली, कारण तिथे नरम लाकूड ठरावीक मापांत, रंधलेलं, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायचं. 1974 मध्ये इटलीतल्या एका डिझायनरने नुसत्या फळ्या आणि खिळ्यांच्या 19 वस्तूंचे आराखडे टपालखर्च पाठवेल त्याला दिले. कारखान्यातल्या वस्तूंकडे लोकांनी डोळसपणे बघावं म्हणून. त्या आराखड्यांचा पायाही साधी पाइनची फळी हाच.

ते इथे उतरवताना मापांत फसगत होते. अमेरिकन आराखड्यात "टू बाय फोर" लिहिलेलं असतं, पण रंधलेल्या तुकड्याचं खरं माप दीड बाय साडेतीन इंच, म्हणजे 38 बाय 89 मिलिमीटर. आपल्याकडे वखारीत घनफुटाचा हिशोब चालतो: लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, गुणाकाराला 144 ने भागायचं. आठ फुटी दोन बाय चारचा तुकडा 0.44 घनफूट होतो, आराखड्याला हवा असलेला खरा तुकडा 0.29. म्हणजे यादी तशीच वखारीत दिली, तर लागतं त्याच्या दीडपट लाकूड गळ्यात पडतं, आणि शिवाय टेबलाचे पाय आराखड्यातल्यापेक्षा अर्ध्या इंचाने जाड होऊन आडव्या पट्ट्या बसत नाहीत.

प्लायच्या बाबतीत मात्र योगायोगाने सगळं जुळतं. मेट्रिक मापं 1956च्या कायद्याने आली, तरी सुतार अजून सुतात बोलतात, इंचाला आठ सूत. सहा सूत म्हणजे पाऊण इंच, म्हणजे 19 मिलिमीटर, म्हणजे कपाटाची नेहमीची शीट. अमेरिकन आराखड्यातला पाऊण इंच प्लाय आणि आपला सहा सुती प्लाय जवळजवळ एकच. बारा मिलिमीटरला चार सूत म्हणतात, तिथे पाऊण मिलिमीटरचा फरक राहतो. खाच काढताना तो लक्षात ठेवायचा.

दृश्यांच्या मांडणीचाही घोळ आहे. आपल्या आयटीआयमध्ये आणि अभियांत्रिकीत प्रथम कोन प्रक्षेप शिकवतात. त्यात वस्तूची उजवी बाजू समोरच्या दृश्याच्या डावीकडे काढतात. अमेरिकन आराखडे तृतीय कोनात, उजवी बाजू उजवीकडेच. कप्प्यांची खोली दोन बाजूंना वेगळी असेल, तर कुठल्या पद्धतीचं चित्र आहे हे आधी बघितल्याशिवाय करवत लावू नये.

आणि हवा. हिवाळ्यात घर तापवणाऱ्या मुलुखात फर्निचरच्या लाकडात सात-आठ टक्के ओलावा धरून आराखडा काढतात. ठाण्याच्या खाडीकाठी जुलैत तोच आकडा पंधराच्या वर जातो. तीन फुटी रुंद, फळ्या चिकटवून केलेला टेबलाचा पृष्ठभाग पावसाळ्यात आडवा फुगतो आणि चौकटीत घट्ट स्क्रू मारलेला असेल तर बाक धरतो. आराखडा सांगेल त्यापेक्षा जास्त मोकळीक ठेवायची आणि स्क्रूचं भोक लांबट करायचं. प्लाय त्या मानाने जागच्या जागी राहतं.

डिसेंबर 2020 मध्ये तुर्भ्याला एका स्वीडिश साखळीचं भलंमोठं दुकान उघडलं. डबा घरी आणून, चित्रं बघून, षटकोनी किल्लीने कपाट उभं करायची सवय इथल्या कुटुंबांना लागली आणि चित्र वाचून काम करण्याची भीती गेली. त्याच वर्षी टाळेबंदीत सोसायट्यांनी बाहेरच्या सुतारांना मज्जाव केला होता, घरून काम करायला टेबल तर हवंच होतं. माझ्या माहितीतल्या बऱ्याच जणांनी पहिलं टेबल तेव्हाच केलं. न्हावा शेवा बंदर 1989 पासून चालू असल्यामुळे उरण, जासई, कळंबोलीच्या गोदामांभोवती आयात मालाचे पाइनचे पॅलेट भंगारात मिळतात. हेच आपल्याकडचं स्वस्त नरम लाकूड. घेताना त्यावरचा शिक्का बघावा. 2002च्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे "एचटी" म्हणजे आतपर्यंत 56 अंशांवर अर्धा तास तापवलेलं, ते घरात चालतं. "एमबी" म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घेऊ नये. शिक्काच नसेल तर तेही सोडावं.

आता इथलीच मंडळी 2440 बाय 1220 मिलिमीटरच्या शीटवर बेतून आराखडे काढू लागली आहेत. 19 मिलिमीटरची अख्खी शीट तीसेक किलोची असते आणि सोसायटीच्या लिफ्टमध्ये मावत नाही, त्यामुळे दुकानातल्या पॅनेल सॉवर (शीट कापायच्या यंत्रावर) कापून आणणं ओघानेच आलं. अशा आराखड्यात सगळ्यात आधी बघायची गोष्ट म्हणजे करवतीच्या पात्याची जाडी धरली आहे का. साधारण 3 मिलिमीटर दर कापाला जातात. 1220 रुंदीतून 400 च्या तीन पट्ट्या दोन कापांत आरामात निघतात, 1206 होतात. कप्पा जरा खोल हवा म्हणून 405 धरलं की बेरीज 1221 वर जाते आणि तिसरी पट्टी एका मिलिमीटरने अरुंद येते. दुकानदाराला यादी देताना "काप धरून" असं लिहून द्यावं, आणि पहिली पट्टी निघाल्यावर तिथेच टेप लावून मोजावी.