मोरेस्मोचं जेतेपद ‘आयतं’ नव्हतं

फ्रान्सची टेनिसपटू अमेली मोरेस्मो हिला ग्रँड स्लॅम (टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एकीचं जेतेपद) आयतं मिळालं, असं अजूनही सर्रास बोललं जातं. कारण २००६ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात जस्टिन हेनिनने पोटदुखीमुळे माघार घेतली. उपांत्य फेरीत किम क्लायस्टर्सही दुखापतीने बाहेर पडली होती. एवढं खरं. पण हेनिन थांबली तेव्हा मोरेस्मो ६-१, २-० अशी पुढे होती, हे कुणी सांगत नाही!

त्याच वर्षी विम्बल्डनला तिने उपांत्य फेरीत शारापोव्हाला हरवलं. अंतिम फेरीत पुन्हा हेनिनच समोर. पहिला सेट २-६ असा गमावला, तरी पुढचे दोन ६-३, ६-४ जिंकले. १९२५ च्या सुझान लेंग्लेननंतर विम्बल्डन एकेरी जिंकणारी ती पहिलीच फ्रेंच महिला. आणि जागतिक क्रमवारीत अव्वल स्थान? ते तर तिने २००४ मध्येच मिळवलं होतं.