जंतू गेला म्हणजे आतली जखम भरली असं नव्हे

फोंड्याची माझी मावशी पायलोरी या जठरातल्या जंतूवरच्या गोळ्यांचा चौदा दिवसांचा कोर्स संपवून चवथीला आली. पेजेबरोबर तोराचं, म्हणजे कोवळ्या कैरीचं, लोणचं वाढून घेतलं आणि संध्याकाळी पोटात आग पडली. "एवढी कडूजहर औषधं फुकट गेली गो, जंतू तसाच आहे," म्हणत ती बसून राहिली. पुन्हा तोच कोर्स घ्यायचं तिनं मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

इथेच गल्लत होते. हेलिकोबॅक्टर पायलोरी मारायचं काम ॲंटिबायोटिकचं, साधारण दोन आठवड्यांचं. त्यानं खराब केलेलं जठराचं अस्तर सावरायचं काम शरीराचं, आणि ते सावकाश चालतं. वरचा पेशींचा थर काही दिवसांत नवा येतो, खालची सूज तशी जात नाही. तीव्र सुजेच्या पेशी काही आठवड्यांत ओसरतात, जुनाट सुजेच्या वर्षभर किंवा त्याहून जास्त रेंगाळतात. अल्सर बहुधा चार ते आठ आठवड्यांत भरतो. पण बरीच वर्षं सूज राहून ग्रंथी झिजल्या असतील तर त्या थोड्याफारच सुधारतात, आणि जठरात आतड्यासारखं अस्तर तयार झालं असेल तर ते बहुतेकदा तसंच राहतं. अशा काहींना जंतू गेल्यावरही डॉक्टर ठरावीक वर्षांनी एंडोस्कोपी सांगतात, ती टाळू नये.

जळजळ आहे की नाही यावरून जंतूचा निकाल लागत नाही. त्यासाठी श्वासाची किंवा शौचाची तपासणी लागते. पायलोरी युरिया फोडतो, म्हणून श्वासाच्या तपासणीत युरियाचं द्रावण पिऊन पिशवीत फुंकायचं. कोर्स संपल्यावर किमान चार आठवडे थांबायचं, आणि तपासणीआधीचे दोन आठवडे पँटोप्राझोलसारखी ॲसिड कमी करणारी गोळी डॉक्टरांना विचारून बंद ठेवायची. तिच्यामुळे जंतू दबतो आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. रक्ताच्या तपासणीचा इथे उपयोग नाही. जंतू मेला तरी रक्तातल्या अँटिबॉडी महिनोन्‌महिने राहतात, आणि त्या पाहून माणूस उगाच घाबरतो.

मावशीचा रिपोर्ट पाच आठवड्यांनी निगेटिव्ह आला. आग मात्र पुढेही महिनाभर होती. मग एक दिवस तिच्या पिशवीत गुडघ्यासाठीच्या पेनकिलरची अर्धी संपलेली स्ट्रिप सापडली. अल्सर करणारं पायलोरीनंतरचं मोठं कारण याच गोळ्या, आणि डॉक्टरांना तिनं त्यांच्याबद्दल सांगितलंच नव्हतं.