पेनसिल्व्हेनियातील काँग्रेस मतदारसंघांची न्यायालयीन पुनर्रचना (२०१८)

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, प्रतिनिधीगृहातील राज्याच्या १८ मतदारसंघांचा प्रचलित नकाशा घटनाबाह्य ठरवून रद्द केला आणि त्याजागी स्वतः तयार करवून घेतलेला नकाशा लागू केला. जुन्या नकाशावर झालेल्या २०१२, २०१४ आणि २०१६ या तिन्ही निवडणुकांत रिपब्लिकन पक्षाला १३ आणि डेमोक्रॅटिक पक्षाला ५ जागा मिळाल्या होत्या. नव्या नकाशावरच्या पहिल्याच निवडणुकीत दोघांना ९-९ जागा मिळाल्या.

भारतात मतदारसंघांच्या सीमा परिसीमन आयोग ठरवतो. अमेरिकेत दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर बहुतेक राज्यांत हे काम विधिमंडळच करते, म्हणजे ज्यांना निवडणूक लढवायची त्यांच्याच पक्षाच्या हाती पेन्सिल असते. पेनसिल्व्हेनियात २०११ मध्ये विधिमंडळाची दोन्ही सभागृहे आणि गव्हर्नरपद रिपब्लिकन पक्षाकडे होते. डेमोक्रॅटिक मतदार फिलाडेल्फिया, पिट्सबर्ग अशा मोजक्या मतदारसंघांत कोंबायचे आणि उरलेले इतरत्र विखरून टाकायचे, या जुन्याच युक्तीने नकाशा आखला गेला. २०१२ मध्ये राज्यभरात डेमोक्रॅटिक उमेदवारांना एकूण मते किंचित जास्त मिळाली, तरी जागा पाचच आल्या.

या नकाशातील सातवा मतदारसंघ देशभर बदनाम झाला. फिलाडेल्फियाच्या उपनगरांपासून लँकेस्टरपर्यंत पाच काउंट्यांचे (आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांचे) तुकडे त्यात जोडले होते. किंग ऑफ प्रशिया या गावापाशी तो इतका निमुळता होता की त्याचे दोन भाग जेमतेम एका रेस्टॉरंटच्या जागेपुरते एकमेकांना चिकटलेले होते. नकाशावरची त्याची आकृती पाहून लोक त्याला ‘डोनाल्ड डकला लाथ मारणारा गूफी’ म्हणत.

जून २०१७ मध्ये ‘लीग ऑफ विमेन व्होटर्स’ ही संघटना आणि प्रत्येक मतदारसंघातील एक असे १८ मतदार न्यायालयात गेले. त्यांनी दावा फक्त राज्यघटनेच्या आधारे लढवला, आणि हीच त्यांची खरी हुशारी होती. ‘निवडणुका मुक्त आणि समान असतील’ हे पेनसिल्व्हेनियाच्या घटनेतील कलम अमेरिकेच्या संघराज्य घटनेत नाही, शिवाय राज्यघटनेचा अर्थ लावण्यात अखेरचा शब्द राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाचा असतो. मिशिगन विद्यापीठाचे राज्यशास्त्रज्ञ जोवेई चेन यांनी पक्षाचा विचार न करता संगणकावर ५००-५०० नकाशांचे दोन संच तयार केले. दुसऱ्या संचात तर विद्यमान खासदारांच्या जागा सांभाळण्याचीही काळजी घेतली होती. तरीही एकाही नकाशात रिपब्लिकन पक्षाच्या वाट्याला १३ जागा येत नव्हत्या.

२२ जानेवारी २०१८ रोजी नकाशा रद्द झाला. नव्या नकाशासाठी विधिमंडळाला ९ फेब्रुवारीपर्यंत मुदत मिळाली. रिपब्लिकन नेत्यांनी धाडलेला नकाशा डेमोक्रॅटिक गव्हर्नर टॉम वुल्फ यांनी फेटाळला. मग स्टॅनफर्डचे प्राध्यापक नेथॅनिएल पर्सिली यांच्या मदतीने आखलेला नकाशा न्यायालयाने १९ फेब्रुवारीला ४ विरुद्ध ३ मतांनी लागू केला. आधी ६७ पैकी २८ काउंट्या तुटत होत्या, आता १३ तुटल्या.

या राज्यात न्यायाधीश पक्षाच्या तिकिटावर निवडून येतात आणि त्या वेळी ७ पैकी ५ न्यायाधीश डेमोक्रॅटिक होते. त्यामुळे पक्षपाताचा आरोप होणारच होता. बहुमतातील चौघांवर महाभियोग चालवण्याचे प्रस्तावही आले, पण ते पुढे सरकले नाहीत. नोव्हेंबर २०१८ मध्ये देशभर डेमोक्रॅटिक पक्षाला अनुकूल वारे होते, त्यामुळे ९-९ या निकालाचे सगळे श्रेय नकाशाला देता येत नाही. मात्र २०२० मध्ये, बायडन यांनी हे राज्य सुमारे ८० हजार मतांनी जिंकले तेव्हाही निकाल ९-९ असाच लागला. इतक्या अटीतटीच्या राज्यात हे प्रमाण १३-५ पेक्षा मतदारांच्या कौलाच्या कितीतरी जवळ जाते. २०१८ च्या निवडणुकीआधी राज्याच्या काँग्रेस शिष्टमंडळात सगळे पुरुषच होते. त्या निवडणुकीत मॅडलिन डीन, मेरी गे स्कॅनलन, क्रिसी हूलहान आणि सुझन वाइल्ड या चार महिला निवडून आल्या.

जून २०१९ मध्ये संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘रूचो’ खटल्यात पक्षीय सीमाआखणीचा प्रश्न संघीय न्यायालयांच्या कक्षेबाहेरचा ठरवला, तेव्हा राज्य न्यायालयांचा मार्ग अधिकच महत्त्वाचा झाला. तो एकाच पक्षाच्या सोयीचा मात्र नाही. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने डेमोक्रॅटिक विधिमंडळाचा नकाशा रद्द केला आणि तिथे रिपब्लिकन पक्षाने २६ पैकी ११ जागा जिंकल्या. हा मार्ग पक्काही नाही. नॉर्थ कॅरोलायनात न्यायालयीन नकाशावर २०२२ मध्ये ७-७ असा निकाल लागला. त्याच निवडणुकीत न्यायालयातील बहुमत रिपब्लिकन पक्षाकडे गेले, एप्रिल २०२३ मध्ये नव्या न्यायाधीशांनी आधीचा निर्णय उलटवला, विधिमंडळाने नकाशा पुन्हा आखला आणि २०२४ मध्ये रिपब्लिकन पक्षाला १४ पैकी १० जागा मिळाल्या.

पेनसिल्व्हेनियाच्या जागा २०२० च्या जनगणनेनंतर १७ झाल्या. गव्हर्नर आणि विधिमंडळाचे एकमत न झाल्याने २०२२ मध्येही न्यायालयालाच नकाशा निवडावा लागला. त्या वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाने ९-८ अशी आघाडी घेतली, तर २०२४ मध्ये त्याच सीमांवर रिपब्लिकन पक्षाने १०-७ असे बहुमत मिळवले.