ध्येयाला वेळ आणि जागा हवी

येल विद्यापीठाची एक गोष्ट व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्याख्यानांत हमखास ऐकायला मिळते. १९५३ साली तिथून पदवी घेतलेल्यांपैकी फक्त ३ टक्के विद्यार्थ्यांनी आपली ध्येयं कागदावर लिहिली होती, आणि वीस वर्षांनी त्या ३ टक्क्यांची संपत्ती उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीहून जास्त भरली, अशी ती गोष्ट. प्रत्यक्षात असं सर्वेक्षण कधी झालंच नव्हतं. अनेकांनी शोध घेतला, हाती काही लागलं नाही, आणि येलनंही तसं स्पष्ट सांगितलं आहे. तरी ती सांगितली जातेच. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ध्येयाच्या मानसशास्त्रावर पन्नासहून अधिक वर्षांचं खरं संशोधन आपल्यापुढे आहे आणि ते या दंतकथेपेक्षा कितीतरी उपयोगाचं आहे.

त्याचा पाया अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी घातला. १९६८ साली त्यांनी मांडलं, की ‘जमेल तेवढं करा’ असं सांगितलेल्या माणसांपेक्षा नेमकं आणि अवघड उद्दिष्ट समोर असलेली माणसं जास्त काम करून दाखवतात. पुढे गॅरी लॅथम यांनी हीच गोष्ट प्रयोगशाळेबाहेर तपासली. १९७५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा अभ्यास ओक्लाहोमातल्या लाकूड वाहणाऱ्या ट्रकचालकांवर होता. कायद्यानं जितकं वजन नेता येतं त्याच्या साधारण ६० टक्केच माल हे चालक भरत. त्यांना ९४ टक्क्यांचं लक्ष्य दिलं गेलं. वाढीव पैसे नव्हते, शिक्षेची भीतीही नव्हती. तरी तिसऱ्या महिन्यापर्यंत भार ९० टक्क्यांच्या आसपास पोचला आणि पुढे कित्येक महिने तिथेच राहिला.

एका आकड्यानं एवढं का घडावं? ‘जमेल तेवढं’ म्हणजे किती, हे ठरवणारे आपणच असतो, आणि थकलेल्या दिवशी जे झालं तेच जमेल तेवढं होतं, असं मन स्वतःची समजूत घालून घेतं. आकडा असला की ही पळवाट बंद होते. दुसरं कारण लक्षाचं. लॉक यांच्याच एका प्रयोगात मोटार चालवणाऱ्यांना त्यांच्या चालवण्यातल्या अनेक बाबींची मोजमापं दाखवली गेली. माहिती सगळ्याच बाबींची मिळत होती, पण सुधारणा झाली ती ज्या बाबीसाठी लक्ष्य ठरवलं होतं तिच्यातच. म्हणजे ध्येय आधी लक्ष वेचून एका ठिकाणी आणतं. कष्ट आणि चिकाटी त्यामागून येतात.

पण ध्येय ठरवूनही आपण सुरुवातच करत नाही, त्याचं काय? या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उत्तर जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दिलं. १९९७ च्या त्यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळची पूर्वसंध्या कशी गेली याचा वृत्तांत सुट्टीतच लिहून पाठवायचा होता. लिहायची इच्छा सगळ्यांनीच दाखवली होती. निम्म्या विद्यार्थ्यांना एवढंच जास्तीचं करायला सांगितलं, की आपण कधी आणि कुठे बसून लिहिणार ते आधीच ठरवा. ज्यांनी ठरवलं त्यांच्यापैकी ७१ टक्क्यांनी वृत्तांत वेळेत पाठवला. बाकीच्यांत हे प्रमाण ३२ टक्के होतं.

या पद्धतीला ‘जर-तर योजना’ म्हणता येईल. ‘मी व्यायाम करणार’ हे ध्येय झालं. ‘संध्याकाळी घरी आलो की बसायच्या आधी बूट बदलून चालायला बाहेर पडणार’ ही जर-तर योजना. दुसऱ्या वाक्यात निर्णय आधीच झालेला आहे. घरी पोचणं हीच खूण होते, आणि त्या क्षणी ‘जाऊ की नको’ हा वाद मनात नव्यानं घालावा लागत नाही. कंटाळ्याच्या वेळी आपण हा वाद बहुतेकदा हरतो, म्हणून तो टळणं महत्त्वाचं. गोलविट्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये अशा ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा परिणाम मध्यम ते मोठा आढळला. एवढ्या साध्या उपायासाठी हे खूपच आहे.

योजनेचा आणखी एक फायदा शांततेचा. अपुरी कामं पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात, असं मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्येच मांडलं होतं. २०११ मध्ये मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांना दिसलं, की अपुऱ्या कामाचे विचार वाचनातही लुडबुड करतात, मात्र त्या कामाची नेमकी योजना आखली की ही लुडबुड थांबते. काम अजून झालेलं नसतं, तरीही.

याउलट, यश मिळाल्याची रम्य चित्रं रंगवत बसायचा सल्ला तपासणीत टिकत नाही. गाब्रिएले ओटिंगेन यांनी वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला. आपल्याला हे जमेल असा विश्वास असलेल्यांचं वजन जास्त उतरलं. पण सडपातळ झाल्याच्या गोड कल्पनांत रमणाऱ्यांचं कमी उतरलं. नंतरच्या प्रयोगांत दिसलं, की अशा कल्पनांनी रक्तदाबसुद्धा खाली येतो, शरीर सैलावतं. जणू काम झालंच. म्हणून ओटिंगेन सांगतात: हवं ते डोळ्यांपुढे आणा, आणि लगेच त्याच्या आड येणारी स्वतःमधली अडचण शोधा. त्या अडचणीलाच जर-तर योजना जोडा.

अवघड ध्येय नेहमीच चांगलं, असंही नाही. कॅन्फर आणि ॲकरमन यांनी १९८९ मध्ये हवाई वाहतूक नियंत्रणाच्या आभासी कामावर प्रशिक्षणार्थींची परीक्षा घेतली. काम अगदी नवं असताना उंच लक्ष्य दिलं तर कामगिरी खालावली, कारण जे लक्ष शिकण्याकडे हवं होतं ते आकड्याकडे गेलं. नवी भाषा किंवा नवं वाद्य शिकताना ‘महिन्याभरात अमुक पातळी’ यापेक्षा ‘या आठवड्यात सरावाच्या तीन पद्धती करून पाहीन’ हे ध्येय बरं. मुलांच्या बाबतीत तर मोठ्यांनी हे कळकळीनं जपायला हवं. बांडुरा आणि शंक यांनी १९८१ मध्ये गणितात मागे पडलेल्या मुलांना दर बैठकीला थोडी पानं असं जवळचं लक्ष्य दिलं, तेव्हा त्यांची वजाबाकी सुधारलीच, शिवाय गणिताची गोडीही वाढली. फक्त शेवटचं लांबचं लक्ष्य मिळालेल्या मुलांत तसं झालं नाही.

आणि काही ध्येयं सोडावी लागतात. कार्स्टन व्रोश आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासांत, गाठता न येणारं ध्येय सोडू शकणारी माणसं मनानं अधिक स्वस्थ आढळली, आणि त्याच्या जागी नवं काही हाती घेणाऱ्यांना त्याचा आणखी फायदा झाला. अडचण ही, की ऐन भरात असताना सोडायची वेळ ओळखू येत नाही. घातलेले कष्ट डोळ्यांपुढे उभे राहतात. तेव्हा ध्येय ठरवतानाच, मन थंड असताना, फेरविचाराची तारीख आणि त्या दिवशी काय मोजून पाहायचं हे लिहून ठेवावं, असं मला वाटतं.