ट्रायडंट वाद (ब्रिटिश संसद)

अण्वस्त्रधारी पाणबुड्या कायम समुद्रात ठेवून शत्रूवर धाक ठेवायचा की नाही, या प्रश्नावर ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये १९६० च्या दशकापासून अधूनमधून पेटणारा वाद. ‘ट्रायडंट’ हे खरे तर अमेरिकी बनावटीच्या क्षेपणास्त्राचे नाव. ब्रिटनमध्ये मात्र पाणबुडी, क्षेपणास्त्र आणि वॉरहेड (क्षेपणास्त्राच्या टोकावरचे अण्वस्त्र) या तिन्हींना मिळून ते वापरतात. विमानातून टाकायचे शेवटचे ब्रिटिश अणुबॉम्ब १९९८ मध्ये मोडीत निघाले आणि देशाजवळ फक्त पाणबुड्यांवरची अण्वस्त्रे उरली. तेव्हापासून ‘नव्या पाणबुड्या बांधायच्या का?’ हा वरकरणी जहाजबांधणीचा प्रश्न म्हणजे ‘अण्वस्त्रे ठेवायची का?’ हाच प्रश्न झाला.

हा वाद तत्त्वाचा असला तरी त्याचे वेळापत्रक पाणबुडीच्या सांगाड्याने ठरते. पाणबुडी पंचवीस-तीस वर्षांत थकते आणि नवी बांधायला दीड-दोन दशके लागतात. जुन्या पाणबुड्या निवृत्तीला आल्या की सरकारला निर्णय घ्यावाच लागतो, आणि मधल्या काळात शांत बसलेले दोन्ही पक्ष पुन्हा बाह्या सरसावतात.

एक पाणबुडी सतत गस्तीवर ठेवायची तर चार लागतात. एक समुद्रात, एक मोठ्या दुरुस्तीला, एक नुकतीच परतलेली आणि एक निघण्याच्या तयारीत. एप्रिल १९६९ पासून ही साखळी तुटलेली नाही, असे ब्रिटिश नौदल सांगते. गस्तीवरची पाणबुडी कुठे आहे, हे तिच्यावरच्या बहुतेक खलाशांनाही ठाऊक नसते. प्रत्येक पाणबुडीवरच्या तिजोरीत पंतप्रधानांच्या हातचे एक पत्र असते. लंडन बेचिराख झाले आणि आदेश द्यायला कोणीच उरले नाही, तर कप्तानाने काय करायचे, ते त्यात लिहिलेले असते. नवा पंतप्रधान आला की त्याला पहिल्या काही दिवसांतच अशी चार पत्रे लिहावी लागतात. जुनी पत्रे न उघडता नष्ट केली जातात. संसदेत तासन् तास चाललेल्या चर्चेचा खरा निष्कर्ष या पाकिटांत बंद असतो, आणि तो संसदेला कधीच कळत नाही.

वादाची सुरुवात डिसेंबर १९६२ च्या नासाऊ कराराने झाली. अमेरिकेने स्कायबोल्ट हे विमानातून सोडायचे क्षेपणास्त्र रद्द केल्यावर पंतप्रधान हॅरल्ड मॅकमिलन यांनी बहामाजमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्याकडून पाणबुडीवरून सोडायची पोलारिस क्षेपणास्त्रे मिळवली. पाणबुडी आणि वॉरहेड ब्रिटनचे, क्षेपणास्त्र अमेरिकेचे, अशी ही वाटणी आजतागायत चालू आहे. मजूर पक्षाने १९६४ च्या जाहीरनाम्यात पोलारिसची खिल्ली उडवली: ते स्वतंत्र नसेल, ब्रिटिश नसेल आणि त्याचा धाकही बसणार नाही. त्याच वर्षी हॅरल्ड विल्सन सत्तेवर आले. नियोजित पाच पाणबुड्यांपैकी एक त्यांनी कापली. उरलेल्या चार बांधल्या. विरोधात असताना एक आणि सत्तेत आल्यावर दुसरे, ही मजूर पक्षाची या विषयातली ओढाताण तिथून सुरू झाली. वादाचा खरा आखाडा पुष्कळदा हुजूर विरुद्ध मजूर असा नव्हताच. तो मजूर पक्षाच्या घरातला होता.

संसदेला किती सांगायचे, हा वादाचा दुसरा पदर. १९७० च्या दशकात पोलारिसच्या वॉरहेडमध्ये सुधारणा करण्याचा ‘शेव्हलीन’ हा प्रकल्प हीथ, विल्सन आणि कॅलहॅन या तीन पंतप्रधानांच्या कारकिर्दीत गुपचूप चालला. जानेवारी १९८० मध्ये संरक्षणमंत्री फ्रान्सिस पिम यांनी सभागृहात त्याचे नाव पहिल्यांदा उघड केले, तेव्हा खर्च सुमारे १ अब्ज पौंडांवर गेला होता. त्याच वर्षी जुलैमध्ये थॅचर सरकारने पोलारिसच्या जागी ट्रायडंट घेण्याचे जाहीर केले; सभागृहातली चर्चा आणि मतदान त्यानंतर, मार्च १९८१ मध्ये झाले. आधी निर्णय, मग चर्चा, हा क्रम तेव्हा कोणाला फारसा खटकला नाही. मजूर पक्षाने १९८३ ची निवडणूक ट्रायडंट रद्द करण्याचे वचन देऊन लढवली आणि सपाटून मार खाल्ला. १९८९ पर्यंत पक्षाने एकतर्फी निःशस्त्रीकरणाची भूमिका सोडूनही दिली.

१४ मार्च २००७ रोजी टोनी ब्लेअर सरकारने ट्रायडंट वाहणाऱ्या व्हॅनगार्ड वर्गातल्या पाणबुड्यांच्या जागी नव्या आणण्याचा ठराव मांडला. तो ४०९ विरुद्ध १६१ मतांनी मंजूर झाला, पण मजूर पक्षाच्या जवळपास ९० खासदारांनी बंड केले आणि ब्लेअर यांना हुजूर पक्षाच्या मतांचा आधार घ्यावा लागला. सभागृहाचे उपनेते नायजेल ग्रिफिथ्स यांनी याच मुद्द्यावर पद सोडले. पुढे हुजूर आणि लिबरल डेमोक्रॅट यांच्या आघाडी सरकारने अंतिम निर्णय २०१६ पर्यंत ढकलला.

या निर्णयावरचे १८ जुलै २०१६ चे मतदान सर्वांत गाजले. थेरेसा मे यांना पंतप्रधान होऊन पाच दिवस झाले होते. स्कॉटिश नॅशनल पार्टीचे जॉर्ज केरेव्हन यांनी विचारले: एक लाख निरपराध स्त्री-पुरुष आणि मुले मारू शकेल असा अणुहल्ला करायला तुम्ही स्वतः तयार आहात का? मे यांनी एका शब्दात उत्तर दिले, ‘हो.’ आधीचे पंतप्रधान या प्रश्नाला बगल देत आले होते. मे यांचे म्हणणे असे, की वापरण्याची तयारी नाही हे एकदा कळले की धाक उरतच नाही. विरोधी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन आयुष्यभर अण्वस्त्रविरोधी चळवळीत राहिलेले. सामूहिक हत्येची धमकी हा आंतरराष्ट्रीय व्यवहाराचा मार्ग असूच शकत नाही, असे ते म्हणाले, आणि त्यांच्याच बाकांवरून त्यांची हुर्यो झाली. पाणबुड्या बांधणाऱ्या बॅरो-इन-फर्नेसच्या गोदीतल्या हजारो नोकऱ्या आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या कामगार संघटना हे त्या बाकांवरचे मोठे वजन होते.

रात्री दहाच्या सुमारास खासदार सभागृहालगतच्या दोन मार्गिकांतून मोजले गेले: बाजूने ४७२, विरोधात ११७. मजूर पक्षाचे १४० खासदार ठरावाच्या बाजूने गेले, ४७ विरोधात; बाकीचे गैरहजर किंवा तटस्थ. हुजूर पक्षातून क्रिस्पिन ब्लंट एकटेच विरोधात होते. कायद्याने सरकारला हे मतदान घेणे बंधनकारक नव्हते आणि निकालाबद्दल कोणाच्याही मनात शंका नव्हती. प्रतिपक्षातली फूट चव्हाट्यावर आणण्याचा हेतू त्यात होता, हा आरोप निराधार वाटत नाही.

स्कॉटलंडचे गणित वेगळे आहे. पाणबुड्यांचा तळ फासलेनला, वॉरहेडचे कोठार जवळच कूलपोर्टला. ग्लासगो शहर तिथून चाळीस-पन्नास किलोमीटरवर. २०१६ च्या मतदानात स्कॉटलंडच्या ५९ खासदारांपैकी डेव्हिड मंडेल हे एकटे ठरावाच्या बाजूने होते. ज्यांच्या अंगणात अण्वस्त्रे ठेवायची त्यांनाच ती नको आहेत, हा मुद्दा स्वातंत्र्यवाद्यांनी तेव्हापासून सोडलेला नाही. फासलेनच्या फाटकाजवळ १९८२ पासून शांतता छावणीही आहे.

खर्चाचे आकडे दोन्ही बाजू आपापल्या सोयीने मांडतात. सरकारचा अंदाज चार पाणबुड्या बांधण्याचा: ३१ अब्ज पौंड आणि वर १० अब्ज राखीव. अण्वस्त्रविरोधी चळवळीचा आकडा २०५ अब्ज पौंड, पण त्यात काही दशकांचा चालवण्याचा आणि मोडीत काढण्याचाही खर्च धरलेला. दोघे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, त्यामुळे सभागृहात या मुद्द्यावर कोणी कोणाला पटवल्याचे दिसत नाही.

मतदानानंतर सहा महिन्यांनी, जानेवारी २०१७ मध्ये, बातमी फुटली: जून २०१६ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यापलीकडे ब्रिटिश पाणबुडीवरून सोडलेल्या ट्रायडंट क्षेपणास्त्राची चाचणी फसली होती. म्हणजे खासदारांनी मत दिले ते हे न कळताच. संरक्षणमंत्री मायकल फॅलन यांनी सभागृहात तपशील द्यायला नकार दिला; यंत्रणेवर पूर्ण विश्वास आहे, एवढेच ते सांगत राहिले. शेव्हलीनची आठवण अनेकांना झाली. मार्च २०२१ मध्ये वॉरहेडची कमाल मर्यादा २६० वर नेली गेली, तीही एका धोरणपत्रातून. आधीचे उद्दिष्ट ती १८० पर्यंत खाली आणण्याचे होते. जानेवारी २०२४ मध्ये आणखी एक चाचणी फसली.

ड्रेडनॉट, व्हॅलियंट, वॉरस्पाइट आणि किंग जॉर्ज सहावा या नव्या पाणबुड्या बॅरोला बांधल्या जात आहेत. त्यांतली पहिली २०३० च्या दशकाच्या सुरुवातीला सेवेत यायची आहे. तोवर जुन्यांनाच ओढावे लागते, आणि एकेकाळी सुमारे तीन महिन्यांची असलेली गस्त अलीकडे सहा महिन्यांच्या आसपास गेली आहे.