कॅपसाठी नुसती हिरडी कापायची, की हाडही?

सुपारी चावताना दाढेचा मोठा तुकडा उडतो. दाढ एका बाजूला अगदी हिरडीपर्यंत तुटलेली असते. रूट कॅनाल होतं, आता कॅप बसवायची, आणि डॉक्टर म्हणतात, "आधी थोडी हिरडी कापावी लागेल." पेशंट मान डोलावतो. पण या एका वाक्याच्या पोटात दोन निरनिराळ्या शस्त्रक्रिया असू शकतात. पहिलीत फक्त हिरडी कापतात, तिला जिंजिव्हेक्टॉमी म्हणतात. दुसरीत हिरडी बाजूला करून दाताभोवतीचं हाडही थोडं कमी करतात, ती क्राउन लेंग्थनिंग. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, कारण दोन्हींनंतर दात आधीपेक्षा जास्त उघडा पडलेला असतो. आतला फरक मात्र मोठा आहे. पहिलीच्या जागी दुसरी हवी होती हे उशिरा कळलं, तर नवी कोरी कॅप काढायची वेळ येते.

नावानंही घोटाळा होतो. आपण क्राउन म्हणजे कॅप असं धरून चालतो, त्यामुळे क्राउन लेंग्थनिंग म्हटलं की कॅप लांब करणार असं वाटतं. इथे क्राउन म्हणजे दाताचा हिरडीबाहेर दिसणारा भाग. दात काही वाढत नाही, हिरडी आणि हाडाखाली दडलेला भाग फक्त उघडा होतो.

जिंजिव्हेक्टॉमी समजायला सोपी आहे. हिरडी गरजेपेक्षा जास्त वाढली असेल तेव्हा ती उपयोगी पडते. फिटसाठीची फेनिटॉइन, रक्तदाबाची निफेडिपिन किंवा अ‍ॅम्लोडिपिन, किडनी बदलल्यानंतरची सायक्लोस्पोरिन अशा औषधांनी काही जणांची हिरडी फुगून दातावर चढते. असा जादा भाग ब्लेडनं, कॉटरीनं (विजेवर चालणाऱ्या कापणीच्या टोकानं) किंवा डायोड लेझरनं काढता येतो. टाकेही सहसा लागत नाहीत.

तुटलेल्या दाढेचा प्रश्न वेगळा असतो. तिथे बहुतेक वेळा हिरडी जास्त झालेली नसते, दातच कमी उरलेला असतो.

हे कळायला हिरडी दाताला कशी धरून असते ते पाहावं लागतं. ती गादीच्या खोळीसारखी नुसती चढवलेली नसते. वरची साधारण एक मिलीमीटर कड मोकळी असते. तिच्याखाली, नखाच्या मुळाशी कातडी चिकटलेली असते तशी, हिरडी दाताला घट्ट चिकटलेली असते. हा चिकटलेला पट्टा सरळ हाडाच्या काठापर्यंत जातो. गार्गिउलो, वेंट्झ आणि ऑर्बन या संशोधकांनी 1961 साली मृतदेहांच्या जबड्यांवर तो मोजला तेव्हा सरासरी 2.04 मिलीमीटर भरला. दंतवैद्य याला बायोलॉजिक विड्थ म्हणत आले आहेत. माणसामाणसांत, अगदी दातादातांतही ही रुंदी बदलते, पण हा पट्टा शरीराला हवाच असतो. तोंडातल्या जंतूंना हाडापासून दूर ठेवणारा बांध तोच.

कॅपची कड या पट्ट्यात घुसली, तर शरीर ती सहन करत नाही. हिरडी लाल होते, सुजते, ब्रश लागला की रक्त येतं. काही ठिकाणी हाड झिजून मागे सरकतं आणि हिरडी खाली उतरते. "कॅप बसवल्यापासून तिथून रक्त येतंय," असं सांगणाऱ्या पेशंटला ब्रश नीट करा एवढंच सांगून भागवू नये. कड हाडाच्या किती जवळ आहे, हे आधी तपासलं पाहिजे.

नुसती हिरडी कापून हा प्रश्न का सुटत नाही, तेही यातूनच कळतं. हाड आहे तिथेच राहिलं, तर हिरडी काही आठवड्यांत पुन्हा वर चढते आणि आपला पट्टा परत घेते.

आता हिशेब. हाडापासून कॅपच्या कडेपर्यंत साधारण 3 मिलीमीटर जागा लागते: दोन चिकटलेल्या पट्ट्यासाठी, एक मोकळ्या कडेसाठी. त्याच्या वर कॅपला धरायला चहूबाजूंनी दीड ते दोन मिलीमीटर मजबूत दात हवा. छिन्नीच्या लाकडी मुठीला लोखंडी कडं बसवतात, त्यामुळे घाव पडले तरी मूठ चिरत नाही. कॅप दाताला तसंच कवटाळते. कवटाळायला दातच नसेल आणि सगळा भार आतल्या पोस्टवर, म्हणजे मुळात बसवलेल्या खुंटीवर, आला, तर कॅप निघते किंवा मूळ उभं फुटतं. म्हणजे तुटलेल्या काठापासून हाडापर्यंत साडेचार ते पाच मिलीमीटर हवेत. तीनच असतील, तर हाड दीड-दोन मिलीमीटर खाली न्यावं लागेल.

हे अंतर अंदाजानं ठरवत नाहीत. एक्स-रे काढतात, भूल दिल्यावर बारीक खुणा असलेली मोजसळई हिरडीतून हाडाला टेकेपर्यंत नेतात आणि आकडा वाचतात. हाड भरपूर दूर असेल, तर हिरडी कापून खरंच भागतं. जवळ असेल, तर हिरडी उघडून, पाण्याच्या धारेखाली बर (ड्रिलचं फिरतं टोक) आणि हातछिन्नीनं हाडाला नवा आकार देतात आणि हिरडी खालच्या जागी टाक्यांनी बसवतात. म्हणूनच "काठ हाडापासून किती मिलीमीटरवर आहे?" हा प्रश्न पेशंटनं निःसंकोच विचारावा. डायोड लेझरनं पटकन होईल असं कुणी म्हटलं तर जरूर विचारावा, कारण तो लेझर हाड कापत नाही.

प्रत्येक दात यासाठी योग्य नसतो. खालच्या दाढेला सहसा दोन मुळं असतात आणि त्यांचा फाटा हाडाच्या काठाखाली फार खोल नसतो. हाड जास्त उतरवलं तर फाटा उघडा पडतो, तिथे अन्न अडकतं, ब्रश पोचत नाही. शेजारच्या दातांचं हाडही थोडं उतरवावं लागतं, म्हणजे एका दातासाठी दोन चांगले दात किंमत मोजतात. मूळ आखूड असेल किंवा दात हलत असेल, तर माझ्या मते हा हट्ट धरू नये. पुढच्या दातात हिरडीची रेष वरखाली दिसते, म्हणून तिथे दात न काढता तारेनं तो हिरडीतून हळूहळू थोडा बाहेर ओढून घेणं अनेकदा बरं पडतं.

पथ्य नेहमीचं, पण तंबाखू, मिश्री आणि सिगारेट जखम भरू देत नाहीत, हे पुन्हा सांगतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि साखरेचे आकडे आधीच डॉक्टरांना सांगा. टाके आठ-दहा दिवसांत निघतात. पण हिरडीची कड स्थिरावायला मागच्या दातांत सहा ते आठ आठवडे, पुढच्या दातांत तीन ते सहा महिने जातात. तोवर तात्पुरत्या कॅपवर राहायचं आणि पक्क्या कॅपचं माप त्यानंतरच द्यायचं.