हवाई अंतर आणि प्रवासवेळ

दोन शहरांमधील हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागालगत मोजलेले त्यांच्यातील सर्वांत कमी अंतर. ही वाट बृहद्वृत्ताचा, म्हणजे पृथ्वीच्या केंद्राभोवती काढलेल्या वर्तुळाचा, कंस असते. पृथ्वीचा परीघ सुमारे 40,000 किमी आहे, त्यामुळे कोणतीही दोन शहरे एकमेकांपासून फार तर 20,000 किमी दूर असू शकतात. वैमानिक हे अंतर सागरी मैलांत (1 सागरी मैल = 1.852 किमी) मोजतात.

सपाट नकाशा इथे हमखास फसवतो. न्यूयॉर्क आणि माद्रिद जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर, 40 ते 41 अंश उत्तरेला आहेत. नकाशा पाहिला तर विमानाने नाकासमोर पूर्वेला जावे असेच वाटते. पण पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला की तो उत्तरेकडे सरकतो आणि मध्यावर 46 अंशांपर्यंत चढतो. या वाटेने अंतर सुमारे 5,770 किमी भरते. अक्षवृत्त धरून गेल्यास सुमारे 170 किमी जास्त पडतात.

अंतर ठरलेले असते, वेळ मात्र नाही. प्रवासी जेट विमाने साधारण 10 ते 12 किमी उंचीवरून ताशी 900 किमीच्या आसपास वेगाने उडतात. पण हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेतला, आणि ती हवा स्वतःच वाहत असते. मध्य अक्षांशांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह, म्हणजे उंचावरचे वेगवान वारे, वाहतात. वारा ताशी 150 किमी धरला, तर न्यूयॉर्कहून माद्रिदला साडेपाच तास लागतात आणि परतताना सुमारे पावणेआठ. जाताना वाचलेला वेळ येताना फिटतो, हा समज चुकीचा आहे: वारा नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून 20 मिनिटांहून अधिक वेळ वाचला असता, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकते. फेब्रुवारी 2020 मध्ये वादळी वाऱ्यांच्या जोरावर एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला 5 तासांच्या आत पोहोचले होते.

बंद हवाई हद्दीही वाट लांबवतात. 2022 मध्ये रशियाची हद्द बंद झाल्यावर हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास सुमारे 13 तासांवर गेला. सिंगापूर–न्यूयॉर्क ही सुमारे 15,300 किमीची सेवा नियमित थेट सेवांपैकी सर्वांत लांब पल्ल्याच्या सेवांमध्ये मोडते. तिला 18 ते 19 तास लागतात.

तिकिटावरच्या वेळेत विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा उभे राहीपर्यंतचा सगळा काळ धरलेला असतो. सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ मात्र त्या त्या ठिकाणची स्थानिक असते, म्हणून त्यांची थेट वजाबाकी करू नये. टोकियोहून संध्याकाळी 5 वाजता निघालेला प्रवासी दहा तास उडून लॉस एंजेलिसला उतरतो, तेव्हा तिथे त्याच तारखेची सकाळ असते.